जायफळाला चुना

श्रीखंडात जायफळ घालावं की वेलची, या विषयावर मराठी माणूस जितक्या पोटतिडकीने बोलतो तितक्या पोटतिडकीने तो स्वराज्याविषयीही बोलत नाही. माझा एक मित्र कट्टर जायफळवादी आहे. आपलं मत तो नेहमी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या पंगतीत आणि यजमानीण ऐकेल एवढ्या आवाजात मांडतो. (त्याचं नाव इथे देत नाही. नाव छापायचं नाही अशी त्याची अट आहे. प्रवासात त्याने काय काय खाल्लं ते घरी कळता कामा नये, हे त्या अटीमागचं कारण.)

तर हा मित्र आणि मी बालीच्या किनाऱ्यावर पडलो होतो. पडलो होतो म्हणजे नुसतेच पडलो होतो. आजूबाजूला गोरी मंडळी सकाळपासून वाळूवर पापडासारखी वाळत होती, एका बाजूने वाळली की कूस बदलत होती. मराठी माणसाला हा प्रकार जमत नाही. समुद्र बघितला, पाय भिजवले, शहाळं प्यालो की अर्ध्या तासात त्याचा प्रश्न तयार असतो, "आता पुढे काय?" मित्राने तो विचारला आणि पिशवीतून नकाशा काढला. इंडोनेशियात बेटं सतरा हजारांच्या घरात. त्यातल्या पार पूर्वेकडच्या, माशी बसल्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "इथे जायचं. जायफळाचं माहेर आहे हे. बांदा!"

संध्याकाळी त्याने पुण्यात मावशीला फोन केला. "मावशी, आम्ही बांद्याला चाललोय." पलीकडून उत्तर आलं, "सावंतवाडीच्या पुढचं ना? मग येताना काजू आण." बाली बघून झाल्यावर ही मुलं बांद्याला कशी काय पोचणार, असल्या क्षुल्लक शंका मावशींना पडत नाहीत.

बालीहून विमानाने अंबोन, आणि अंबोनहून रात्रभर जहाज. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट ज्यांनी पाहिली असेल त्यांना या जहाजाचं वर्णन सांगायला नको. तीच वळकट्यांची भाऊगर्दी, तेच दोरीने आवळलेले खोके, तीच जागा अडवून बसलेली आजीबाई. फरक एवढाच की त्या खोक्यांतून आंबे नव्हते. आमच्या शेजारच्या खोक्यात कोंबडा होता आणि पहाट कधी होते याबद्दल त्याचं मत जहाजाच्या घड्याळाशी अजिबात जुळत नव्हतं.

मित्राचं संस्कृत शाळेत असताना फार चांगलं होतं. इंडोनेशियात ते त्याला अनावर झालं. तिथल्या भाषेत भाषेला 'बहासा' म्हणतात, नावाला 'नामा', काचेला 'काचा'. नवऱ्याला म्हणतात 'सुआमी' आणि बायकोला 'इस्त्री'. "बघ," मित्र म्हणाला, "नावापुरता स्वामी, घडी मोडायचं काम इस्त्रीकडे." 'दोसा' म्हणजे पाप, हे कळल्यावर मात्र तो जरा विचारात पडला, कारण पुण्यात दर रविवारी सकाळी तो सहकुटुंब पाप करायला जातो. जायफळाला हे लोक नुसतं 'पाला' म्हणतात. हे आपलं 'फल'. संस्कृतात 'जातीफल', यांच्याकडे फक्त फळ. ज्याच्या परसात तेच एक उगवतं, तो दुसरं काय म्हणणार? पोर्तुगीज शब्दही भेटतात. टेबल म्हणजे 'मेजा', म्हणजे आपलं मेज. खिडकी म्हणजे 'जेंदेला', तिला गोव्यात जनेल म्हणतात. गोव्याहून निघालेली माणसं इथवर आली होती, हे इतिहासाचं पुस्तक न उघडता कळतं.

ती आली तीही फार थांबून नव्हे. आफोन्सो द अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतलं, १५११ साली मलाक्का घेतलं, आणि लगेच तिथून गलबतं हाकारली. १५१२ साली पोर्तुगीज बांद्यात पोचले. त्याआधी शतकानुशतकं जावाचे, मलायाचे, गुजरातचे व्यापारी या मालाच्या मागे होते. गुजरातचं कापड या बेटांपर्यंत जाई आणि त्याच्या बदल्यात जायफळ-जायपत्री पश्चिमेला येई. म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीने बासुंदीवर किसलेलं जायफळ तिच्या माहेरच्या माणसांपेक्षा जास्त प्रवास करून आलेलं होतं. अठरावं शतक बरंच सरेपर्यंत जगातल्या बाजारांत येणारं जायफळ जवळजवळ सगळं या मूठभर बेटांवरचं होतं. युरोपात त्याला सोन्याचा भाव येई, आणि बेटावर ते झाडाखाली पडे.

सकाळी डेकवर आलो तो समोर एक पुरा ज्वालामुखी उभा. गुनुंग आपी, म्हणजे आगीचा डोंगर. उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास, आणि समुद्रातून थेट वर. त्याच्या समोर, मधे जेमतेम एक चिंचोळी खाडी सोडून, बांदा नेइरा हे गाव. १९८८ साली हा डोंगर शेवटचा फुटला, तेव्हा लाव्हा समुद्रात उतरला आणि खालचं पोवळं जळून गेलं. पण मग त्याच लाव्ह्यावर नवं पोवळं इतक्या झपाट्याने वाढलं की शास्त्रज्ञही बघत राहिले. मित्राने त्या डोंगरावर चढायचा आग्रह धरला. सिंहगड दर रविवारी चढणारा माणूस तो. इथे मात्र पायाखाली सुटी खडी, एक पाऊल वर टाकलं की दोन खाली. शंभर मीटरवर त्याने, इतिहासप्रेमी माणसाने निसर्गात फार ढवळाढवळ करू नये, असा निर्णय जाहीर केला. आम्ही उतरलो.

जायफळाची बाग मात्र डोळे भरून पाहिली. वर प्रचंड कनारीची झाडं, त्यांच्या सावलीत जायफळाची. फळ पिवळसर, लहानशा पेरूएवढं. पिकलं की मधोमध उकलतं आणि आत लालभडक जाळी दिसते. काळ्या बीला नवरीच्या शालूसारखी लपेटलेली. ही जायपत्री. ती सोडवायची, वाळवायची. मग बी वाळवायची, टरफल फोडायचं, आणि आत आपलं ते ओळखीचं जायफळ. फळाच्या गराचा मुरांबा करतात, साखरेत मुरवून फोडी करतात. काहीही फुकट जात नाही. कोकणस्थाने लावावं असं झाड. फळं काढायला बांबूच्या टोकाला टोपली बांधलेली असते, हुबेहूब आपला आंबे उतरवायचा झेला.

या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळं येत नाहीत. आणि लावल्यावर कोण नर, कोण मादी हे फुलं येईपर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षं कळत नाही. मग दहा माद्यांना एक नर ठेवून बाकीचे नर तोडतात. "नुसतंच खातात, सावली देतात आणि उभे राहतात," बागवाल्याने सांगितलं. मित्र म्हणाला, "आमच्या ऑफिसात यातला एकही तोडत नाहीत."

दुपारी जेवायला माशाचा रस्सा होता, जायफळ घातलेला. आंबट, हलका, आणि शेवटी नाकात रेंगाळणारा तो वास. मित्राने तीन वाट्या घेतल्या. याउपर मी काही लिहीत नाही.

डच इथे आले १५९९ साली. १६०२ मध्ये त्यांची ती जगप्रसिद्ध ईस्ट इंडिया कंपनी निघाली. वेंगुर्ल्याला ज्या डच वखारीचे पडके अवशेष आपण सहलीला गेलो की पाठीमागे घेऊन फोटो काढतो, ती याच कंपनीची. वेंगुर्ल्यात ती वखार बांधून राहिली. बांद्यात तिला सगळंच हवं होतं. बांद्यात राजा नव्हता. 'ओरांग काया', म्हणजे गावोगावची मातबर माणसं, पंच म्हणा ना, कारभार पाहत. डचांनी या पंचांकडून कागद करून घेतले. जायफळ विकायचं ते फक्त आम्हाला, आणि भावही आम्ही म्हणू तो. मोबदल्यात काय देणार? जाडजूड लोकरी कापड! विषुववृत्तापासून पाच अंशांवर! बांदेकरांना हवा होता तांदूळ, कारण बेटावर तांदूळ पिकत नव्हता, आणि तो घेऊन येणारे जावाचे व्यापारी त्या कागदाने दाराबाहेर उभे राहिले. मग बांदेकरांनी जे कोणीही केलं असतं तेच केलं. कागद कागदाच्या जागी ठेवला आणि माल रात्री इतरांना विकला.

१६०९ साली डच सेनापती फेरहूफेन किल्ला बांधायला आला. वाटाघाटीला बोलावून बांदेकरांनी त्याला आणि त्याच्या माणसांना मारलं. त्या मोहिमेत यान पीटरसोन कून नावाचा एक तरुण, हिशेबात हुशार असा व्यापारी होता. तो वाचला. तो विसरला नाही. बारा वर्षांनी तो कंपनीचा गव्हर्नर जनरल होऊन, जहाजांचा ताफा, दोन हजारांच्या आसपास फौज आणि भाड्याचे जपानी सामुराई घेऊन परत आला.

इथून पुढे मला विनोद सुचत नाही.

मे १६२१ मध्ये ओरांग काया मंडळींपैकी चव्वेचाळीस जणांना डचांच्या नासाव किल्ल्याबाहेर बांबूच्या कुंपणात आणून त्या जपान्यांकडून त्यांची डोकी उडवण्यात आली. शरीरांचे तुकडे केले गेले. हे सगळं त्यांच्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत. मग बेटावरची गावं जाळण्यात आली. लोक डोंगरात पळाले, तिथे उपासमारीने मेले. कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या. सुमारे आठशे जणांना गुलाम म्हणून बाताव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेलं. इतिहासकार मोजतात की बेटांवर पंधरा हजारांच्या आसपास माणसं होती आणि शेवटी हजारभर उरली. हजारभर. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम सोसायटीत राहतात तेवढी.

नेइरातल्या छोट्या संग्रहालयात या प्रसंगाचं एक मोठं चित्र टांगलं आहे. चित्रकाराने हात आखडता घेतलेला नाही. माझा मित्र, जो अजिंठ्याच्या लेण्यांतही शेजारच्या कुटुंबाला समजावून सांगत होता, तो या चित्रापुढे काहीही न बोलता उभा राहिला आणि मग बाहेर जाऊन पायरीवर बसला. म्हणाला, "श्रीखंडासाठी रे?" मी म्हटलं, "श्रीखंडासाठी नाही, नफ्यासाठी." पण त्याच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, हे त्यालाही कळलं.

कूनचा पुतळा त्याच्या गावी, होर्नला, १८९३ साली उभारला गेला. इतके दिवस तो तिथे छाती काढून उभा होता. २०११ साली एका क्रेनचा धक्का लागून तो खाली पडला. दुरुस्त करून पुन्हा बसवला आहे. त्याच्या कर्तृत्वाविषयी डचांच्यात आता मतभेद आहेत असं म्हणतात. क्रेनचं मत मात्र स्पष्ट होतं.

रिकाम्या झालेल्या बेटांवर कंपनीने जायफळाच्या बागांचे अडुसष्ट वाटे पाडले, ते डच माणसांना दिले आणि राबायला दुसरीकडून गुलाम आणले. आता जगाला जायफळ हवं असेल तर कंपनीच्या दारात यावं लागणार. पण बी आहे, कोणी नेऊन दुसरीकडे रुजवलं तर? म्हणून बाहेर पाठवायच्या आधी प्रत्येक जायफळ चुन्याच्या पाण्यात बुडवत, म्हणजे ते रुजू नये. सारांश, कंपनीने बांदेकरांना आणि गिऱ्हाइकांना चुना लावलाच होता; राहिलं होतं जायफळ, त्यालाही लावला. एका गोष्टीचा मात्र त्यांना बंदोबस्त करता आला नाही. या बेटांवर मोठमोठे रानपारवे आहेत. ते जायफळ अख्खं गिळतात, जायपत्री पचवतात आणि बी शेजारच्या बेटावर नेऊन सोडतात. पारव्यांना चुना कोण लावणार?

पारव्यांनी केलं ते पुढे माणसांनीही केलं. पिएर पुआव्हर नावाच्या फ्रेंच माणसाने १७७० साली जायफळाची रोपं मॉरिशसला पळवून आणवली. त्याच्या आडनावाचा फ्रेंचमधला अर्थ मिरे, म्हणजे मसाल्यानेच मसाला चोरला. नंतर इंग्रजांनी १७९६ साली आणि पुन्हा १८१० साली बांदा घेतलं आणि रोपं पेनांग, श्रीलंका असं जिकडे तिकडे नेली. १८४३ मध्ये जायफळ वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडाला पोचलं आणि तिथे इतकं रुळलं की त्या देशाच्या झेंड्यावरच जाऊन बसलं. आपल्या कोकणातही आता नारळी-पोफळीच्या बागेत ते लावतात. किल्ले, फौजा, चुना, सगळं करून हाती राहिलं काय, तर बेल्जिका नावाचा एक सुरेख पंचकोनी किल्ला. तो १६११ सालचा आहे. बुरुजावर उभं राहिलं की एका बाजूला ज्वालामुखी, एका बाजूला निळा समुद्र आणि खाली शाळेची मुलं फुटबॉल खेळताना दिसतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही मचव्याने रन बेटावर गेलो. तीनेक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद. धक्का धड नाही. ओहोटी असली तर गुडघाभर पाण्यातून चालत जायचं. किनाऱ्यावरची वाळू पांढरीशुभ्र, आणि पाणी इतकं नितळ की मचवा हवेत टांगल्यासारखा दिसतो. हे बेट इंग्रजांकडे होतं. डिसेंबर १६१६ मध्ये नॅथॅनिएल कोर्टहोप नावाच्या इंग्रज कप्तानाने मूठभर माणसं घेऊन ते धरलं आणि डचांच्या वेढ्यात जवळजवळ चार वर्षं लढवलं. प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी, खायला जे मिळेल ते. शेवटी १६२० साली डचांनी त्याला समुद्रावर गाठून मारलं. इंग्रजांनी पुढे पन्नास वर्षं या बेटावरचा हक्क काही सोडला नाही.

मग १६६७ साली ब्रेडाला तह झाला. जे ज्याच्या ताब्यात ते त्याने ठेवायचं असं ठरलं. रन डचांकडे होतं, ते त्यांना राहिलं. इंग्रजांनी १६६४ साली डचांकडून अमेरिकेतलं एक बेट घेतलं होतं, ते इंग्रजांना राहिलं. त्या बेटाचं नाव मॅनहॅटन. आज न्यूयॉर्कच्या त्या उंच इमारती उभ्या आहेत ते.

मित्र हे ऐकून वाळूतच बसला. "आमच्या काकांना," तो म्हणाला, "१९६५ साली कोथरूडला प्लॉट मिळत होता. फार लांब पडतो म्हणून त्यांनी पेठेत दोन खोल्या घेतल्या. आयुष्यभर काकूने ऐकवलं. डचांच्या काकूचं काय झालं असेल रे?" पण न्यायाने बोलायचं तर त्या दिवशी डच काही वेडे नव्हते. रनवर जायफळ होतं. मॅनहॅटनवर काय होतं? थंडी!

आणि याच गोऱ्या राजाची, दुसऱ्या चार्ल्सची, आणखी एक बेटांची मालमत्ता होती. १६६१ साली पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा हुंड्यात आलेली. तिच्यापासून उत्पन्न काही होईना, म्हणून ब्रेडाच्या तहानंतर वर्षभराने, १६६८ साली, त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. ती आपली मुंबई. वर्षाला दहा पौंड! डिपॉझिट नाही, पागडी नाही. सतराव्या शतकात बेटांचे भाव कोण ठरवत होतं ते कळत नाही, पण त्या धंद्यात एकही गुजराती नसावा.

रनवर आता कोणाला मॅनहॅटनचं फारसं काही वाटत नाही. अंगणात गोणपाटावर जायफळं वाळत पडली होती. पोरं आमच्या मागे मागे हिंडत होती. त्यातल्या एकाने मित्राला विचारलं, तुम्ही कुठले? मित्राने इंडिया म्हटल्याबरोबर त्याने शाहरुख खानची चौकशी केली. आमच्या तीन हजार वर्षांच्या संस्कृतीने या बेटांवर शेवटी जे पोचवलं ते असं.

नेइरात आणखी एक घर आहे ते मात्र न बघता कोणी परतू नये. १९३६ साली डच सरकारने मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर या दोन स्वातंत्र्यवाद्यांना इथे हद्दपार केलं. ते १९४२ पर्यंत इथे राहिले. आपल्याकडे पुढाऱ्यांना मंडालेला धाडत, तसलाच प्रकार. हत्ता येताना पुस्तकांच्या सोळा पेट्या घेऊन आले. त्यांनी आणि शाहरीरनी बेटावरच्या पोरांना जमवून शिकवायला सुरुवात केली. पोरं दोघांच्याही मागे. हत्ता शिस्तीचे, घड्याळाचे. शाहरीर हसरे, मुलांना घेऊन पोहायला जाणारे. हत्तांचा चष्मा, टाइपरायटर अजून तिथे आहेत. पुढे हत्ता देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले, शाहरीर पहिले पंतप्रधान. डचांनी नाकेबंदी केली असताना १९४७ च्या जुलैत आपल्या बिजू पटनाईकांनी स्वतः विमान चालवत शाहरीरना तिथून काढून भारतात आणलं, ही गोष्ट आपल्या शाळेत कोणी सांगत नाही.

हत्तांनी देश स्वतंत्र होईपर्यंत लग्न करायचं नाही अशी प्रतिज्ञा केली होती. ती पाळून १९४५ साली त्यांनी लग्न केलं, आणि नवरीला मेहेर म्हणून दिलं काय? ग्रीक तत्त्वज्ञानावर स्वतः लिहिलेलं पुस्तक! आमच्या ओळखीचे काही मराठी लेखक प्रत्येक लग्नात आहेर म्हणून स्वतःचं पुस्तक देतात, पण ते दुसऱ्याच्या लग्नात. स्वतःच्या लग्नात हे करायची हिंमत हत्तांचीच.

ज्यांच्या पंचांची डोकी उडवली त्या बेटावर डचांनी आपले कैदी आणून ठेवले आणि त्या कैद्यांनी तिथे शाळा काढली. गावात एक साखळीची विहीर म्हणून जागा आहे. १६२१ मध्ये मेलेल्यांचं स्मारक तिथे आहे. त्यांच्याच जोडीला पुढच्या काळातल्या हद्दपार मंडळींची नावंही दगडावर कोरली आहेत.

शेवटच्या रात्री खाणावळीच्या मालकाने सांगितलं, की आज बांद्यात राहतात ते मूळ बांदेकर फारसे नाहीत. कोणी जावाचे, कोणी बुटोनचे, कोणी अरबांचे, कोणी डचांचे. "मग मूळ बांद्याची भाषा?" मित्राने विचारलं. ती इथे कोणी बोलत नाही. पण १६२१ साली होड्यांतून जे निसटले त्यातले काही पूर्वेला, केई बेटांवर पोचले. तिथे त्यांची दोन गावं आहेत, बांदा एली आणि बांदा एलात. चारशे वर्षं झाली तरी तिथली माणसं आपण बांद्याचे असं सांगतात आणि बांद्याची भाषा घरात बोलतात. बांद्यात बोललेली ती त्यांनी ऐकली नाही, त्यांच्या आजोबा-पणजोबांनीही ऐकली नाही.

मित्राने तिथल्या तिथे नकाशा काढला. "केईला जहाज कधी?"

"परवा गेलं. आता पंधरा दिवसांनी."

आमची रजा चार दिवसांची उरली होती. मित्राने दोन्ही गावांची नावं वहीत लिहून घेतली, आणि मालकाला ती पुन्हा एकदा, सावकाश, म्हणायला लावली.